रस्त्याकडेची झाडं

"काढून टाका ती सात," सर म्हणाले आणि चहाचा घोट घेतला. भाजी निवडताना किडकं पान बाजूला टाकावं, तितक्या सहज.

मी म्हटलं, "का म्हणून?"

"का म्हणून काय? बाकीच्यांशी जुळत नाहीत. भेसळ झाली असेल, पाकिटांची अदलाबदल झाली असेल. वेगळे पडलेले ठिपके काढायचे आणि पुढे जायचं, हे आता मी तुम्हाला शिकवू का?"

शिकवायची गरज नव्हती. या प्रयोगशाळेत केस पांढरे केलेत मी. आमच्याकडे एक झाड म्हणजे पडद्यावर एक ठिपका. पानांचा चुरा करायचा, त्यातून डीएनए काढायचा, तो हजारो जागी वाचायचा आणि मग संगणकाला सांगायचं, बाबा रे, एकमेकांसारखी झाडं जवळ मांड, वेगळी लांब मांड. दरीतली झाडं एका घोळक्यात आली होती. डोंगरमाथ्यावरची झाडंही त्याच घोळक्यात येऊन बसली होती. फक्त माथ्यावरची सात तेवढी लांब, पार कोपऱ्यात, आमचा तुमचा संबंध नाही म्हणत उभी होती.

प्रश्न तसा साधा होता. जात एकच, पण वरचं रान कडाक्याच्या थंडीत आणि खालचं उबेत. वर पिढ्यान्‌पिढ्या थंडीने निवड केलेली, तगली ती उरली, बाकीची मेली. असं खरोखर झालं असेल तर त्याची खूण डीएनएत सापडायला हवी. सापडली, तर माथ्यावरचं जुनं रान ठेवायचं, कारण तसलं बी दुसरीकडे कुठे मिळणार नाही. नाही सापडली, तर वरची झाडं खालच्यांसारखीच. मग वनखातं ते वाकडंतिकडं रान साफ करून तिथे दरीच्या रोपवाटिकेतली सरळसोट रोपं लावणार. माणसं ठरली होती, करवती तयार होत्या. आमच्या अहवालाचं घोडं अडलं होतं तेवढंच.

आणि सरांच्या अहवालात होतं, फरक नाही. हजारो जागांपैकी एका जागी फरक दिसला होता, तो मी दाखवलाही. सर म्हणाले, "इतक्या जागा तपासल्यावर एखादी योगायोगाने वर येतेच. सोडून द्या." मी सोडून दिलं. पण ही सात झाडं काही सोडवेनात. सातच्या सात पाकिटं माझ्याच हाताने फोडली होती मी. भेसळ म्हणे! माझ्या टेबलावर भेसळ?

माथ्यावरचे नमुने आणले कोणी? माझ्या नवऱ्याने. आम्ही दोघं एकाच संस्थेत, तो बाहेर रानावनात, मी आत नळ्यांमध्ये. माझी नोकरी कायमची, त्याची दरवर्षी सरांच्या मर्जीवर. मी घरी आले तेव्हा आमचे हे साहेब गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसले होते. सासूबाई शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"एक विचारू?" मी म्हटलं. "माथ्यावरची पहिली सात पाकिटं. कुठली झाडं ती?"

"माथ्यावरची."

"आणि बाकीची?"

"तीही माथ्यावरचीच." पण हे म्हणताना त्याने पिशवी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली, आणि दुखतो तो गुडघा एकच आहे. इतकी वर्षं संसार केलाय, मला कळत नाही का?

"खरं सांग."

"अगं, उंची बरोबर आहे," तो म्हणाला. "तू उंची मोजून बघ, मीटरचाही फरक नाही. पहिल्या दिवशी रानात चढलो, सात झाडं झाली, आणि उतरताना गुडघ्याने दगाच दिला. वरून रस्ता जातोच की माथ्याच्या अंगाने. तीच उंची, तीच जात, तीच हवा. मग बाकीची रस्त्याच्या कडेने घेतली. त्यात काय बिघडलं?"

मी कपाळाला हात लावला. "रस्त्याच्या कडेची झाडं आली कुठून?"

"कुठून म्हणजे?"

"उगवली का कोणी लावली?"

सासूबाई म्हणाल्या, "आता पोराचा गुडघा दुखतोय आणि तू झाडांची चौकशी करत बसलीस."

त्याने प्रत्येक झाडाचा फोटो काढलेला होता, नियमच आहे तसा. मी ते जेवणाच्या टेबलावर एकामागून एक उघडले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, शाळेतल्या प्रार्थनेला उभी राहावीत तशी एका रांगेत झाडं! जंगलात कधी रांग असते का? डोळे होते की खिशात ठेवले होते? रस्ता झाला तेव्हा लावलेली झाडं ती, आणि लावली ती अर्थातच दरीतल्या रोपवाटिकेतली. म्हणजे आम्ही दरीतल्या झाडांची तुलना दरीतल्याच झाडांशी केली होती आणि वर तोंड करून सांगणार होतो, फरक नाही! माथ्यावरची खरी झाडं होती ती सातच. आणि नेमकी तीच काढून टाकायची होती.

"तू पानं तोडायला गेला होतास की सहलीला?" मी ओरडले.

"हळू बोल," सासूबाई म्हणाल्या. हळू कसं बोलणार?

दुसऱ्या दिवशी मी दार लावून घेतलं आणि सगळं नव्याने मांडलं. आता रस्त्याकडेची झाडं वेगळा गट, ती सात वेगळी आणि दरीतली वेगळी. मग ती योगायोगाची म्हणून सोडून दिलेली जागा पुन्हा उघडली. सातही झाडांत तिथे डीएनएचं एकच रूप होतं. दरीतल्या झाडांत ते रूप अगदी क्वचित, शोधावं लागेल इतकं. आणि रस्त्याकडेच्या झाडांत? निम्म्याहून जास्त झाडांत. मी तीनदा तपासलं. बाकी सगळ्या जागी ही झाडं पक्की दरीची लेकरं, शंकाच नको. पण या एका जागी ती माथ्यावरच्यांसारखी झाली होती.

झाली कशी? झाडं काही वर जाऊन शिकत नाहीत. एकच मार्ग आहे. दरीतून सगळ्या प्रकारची रोपं वर नेली, ज्यांच्यात ते रूप नव्हतं त्यांतली बहुतेक थंडीत गेली, ज्यांच्यात होतं ती तगली. मी पुन्हा फोटो बघायला घेतले, आणि या वेळी झाडं नाही, मधली रिकामी जागा बघितली. रांग होती खरी, पण किती तुटकी! एक झाड, मग मोकळी जागा, पुन्हा मोकळी जागा, मग एक झाड. काल रात्री रागाच्या भरात मला हे दिसलंच नव्हतं. मला एकदम हुंदका आला, खोटं कशाला बोलू. नुसती रोपंच होती, पण किती मेली होती, आणि कोणाच्या गावीही नव्हतं.

सरांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा ते अहवालाच्या मुखपृष्ठाचा रंग निवडत होते. मी सगळं सांगितलं. नवऱ्याचं नावही लपवलं नाही, लपणार कसं?

सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही उलट माझंच सिद्ध करताय. दरीतली झाडं माथ्यावर जगली आहेत. बघा ना, रस्त्याला लागून उभी आहेत धडधाकट."

"सर, जी मेली ती कशी उभी राहतील?"

"मेलेली झाडं आपल्या नमुन्यात नाहीत."

"तेच तर मी म्हणतेय!"

"बाई, डोक्यात राख घालून घेऊ नका," ते म्हणाले. "परवा बैठक आहे. अहवाल आज छापायला जातोय. आणि एक लक्षात घ्या, हे बाहेर आलं तर माझ्यावर नाही शेकणार. नमुने ज्याने आणले त्याच्यावर शेकणार. त्याचं वर्ष पुढल्या महिन्यात संपतंय ना?"

माणूस किती गोड बोलून गळा आवळू शकतो! मी उभीच होते. म्हणाले, बसा. बसले नाही. निघून आले आणि हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन उगाचच हात धूत राहिले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला मध्ये घेऊ नकोस. 'नमुन्यांची फेरतपासणी करावी' असं काहीतरी बोल." मी म्हटलं, बरं. बरं म्हटलं, पण आतून असा संताप झाला होता की त्याच्याशी मी दोन दिवस कामापुरतंच बोलले.

बैठकीला वनाधिकारीबाई आल्या होत्या. साठीच्या जवळपासच्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. रान साफ करायच्या आदेशावर सही त्यांची होणार होती. सरांनी नवऱ्यालाही मुद्दाम बोलावून घेतलं होतं, मला धाक म्हणून. मला ते दिसत होतं, त्यालाही दिसत होतं.

सरांनी ठिपके दाखवले. एकच घोळका, छान, सुबक. ती सात गायब. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "काही नमुन्यांची फेरतपासणी..." सरांनी मला पुढे बोलूच दिलं नाही.

"फेरतपासणीची गरजच नाही," ते हसून म्हणाले. "आमच्या या गड्याने जीव धोक्यात घालून कडे चढून, थंडीवाऱ्यात झाडन्‌झाड शोधून हे नमुने आणलेत. अशी माणसं आज मिळत नाहीत." आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली.

नवऱ्याचे कान लालबुंद झाले. शिव्या दिल्या असत्या तर तो गिळून बसला असता, मला माहिती आहे ना. कौतुक काही त्याला पचेना.

"नाही हो," तो म्हणाला. "मी चढलोच नाही."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. "गुडघा दुखत होता. सातच झाडं रानातली आहेत, बाकी रस्त्याच्या कडेची. आणि ती सात यात नाहीत. सरांनी काढायला लावली."

मग मात्र मी थांबले नाही. लॅपटॉप उघडला, फोटो लावले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. ती जागा, ते रूप, दरीत क्वचित, रस्त्याकडेला निम्म्याहून जास्त, माथ्यावर सगळ्यांत. सर मध्ये म्हणाले, "एका जागेवरून निष्कर्ष..." मी म्हटलं, "सर, योगायोग एकदा होतो. दोन वेगळ्या गटांत, त्याच जागी, त्याच बाजूला झुकत नाही."

वनाधिकारीबाई पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"ही झाडं मी लावलीत," त्या म्हणाल्या. "नोकरीतलं माझं पहिलं काम. चार पावलांवर एक रोप, दोन्ही अंगांना, खालच्या पुलापासून वरच्या वळणापर्यंत. एक जागा मोकळी सोडली नव्हती." त्यांनी पडद्यावरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "माझी बदली झाली. नंतर कधी तिथून गेले तर वाटायचं, रस्ता रुंद करताना काढली असतील."

"थंडीने नेली, बाई," मी म्हटलं.

त्यांनी अहवाल मिटला आणि सरांकडे सरकवला. "माथ्यावरच्या रानाला हात लागणार नाही," त्या म्हणाल्या. सर खाली बघत होते. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या, पण पिटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता झाडणार. तर चेहऱ्यावर नुसतं हसू!

"काय सुंदर प्रयोग आहे हो हा!" म्हणाले. "एकाच पिढीत निवड झालेली पकडायची! मोठमोठ्यांना जमत नाही. नवा अहवाल करू, लेख लिहू. फक्त एक वाक्य नीट बसवायचं. 'रस्त्याकडेची लागवड केलेली झाडं तुलनेसाठी हेतुपुरस्सर निवडण्यात आली.' म्हणजे संस्थेची अब्रू राहते, आणि तुमच्या नवऱ्याची नोकरीही राहते. नाहीतर निष्काळजीपणा म्हणून मला त्याला काढावं लागेल. नियम आहे, माझा इलाज नाही."

"म्हणजे मुद्दाम घेतली म्हटलं तर तो हुशार, आणि चुकून घेतली म्हटलं तर घरी?"

"तुम्हीच ठरवा," म्हणाले. "मी तुमच्यावर सोपवतो."

किती हा मोठेपणा! स्वतःचं खोटं माझ्या हाताने लिहून घ्यायचं, आणि वर उपकार. संध्याकाळी मी ते वाक्य घरी घेऊन आले, आणि खरं सांगते, लिहायच्याच विचाराने आले. रान वाचलंय, मग एका शब्दाने कोणाचं काय जातंय? या वयात, या गुडघ्याला दुसरी नोकरी कोण देणार? सासूबाईंचंही तेच म्हणणं. "लिहून टाक बाई. घरात दोन पगार येतात म्हणून घर चाललंय."

नवऱ्याने ताटातलं संपवलं, ताट धुतलं, पुसून जागेवर ठेवलं. मग पुन्हा काढून पुसायला लागला.

"काय झालं?" मी म्हटलं.

"पलीकडच्या डोंगरावरही मी पानं रस्त्यावरूनच घेतली होती."

"कुठल्या पलीकडच्या?"

"गेल्या वर्षीच्या."

गेल्या वर्षीचं काम माझ्याकडे नव्हतं, ते सरांनी आणि सोडून गेलेल्या एका मुलीने केलं होतं. तिथेही फरक नाही असाच अहवाल गेला होता. आणि तिथलं जुनं रान पावसाळ्याआधीच पाडून झालं होतं. तिथे आता हातभर उंचीची, दरीतून आणलेली रोपं होती. पहिला हिवाळा यायचा होता.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली एवढं सांगते. सासूबाई उठून आत गेल्या. तो तसाच उभा, हातात ताट घेऊन.

"बोल, बोल," तो म्हणाला. "बोलण्यासारखंच आहे. पण ते 'मुद्दाम' लिहू नकोस. इथे मुद्दाम म्हटलंस की तिथेही आम्ही मुद्दाम, विचार करूनच केलं असं होईल. परत कोणी बघणार नाही. रोपं मरायला लागली की म्हणतील, पाणी कमी पडलं, माती खराब आहे. ओढ्याच्या उतारावर थोडी जुनी झाडं शिल्लक आहेत तिथे, उतार अवघड म्हणून करवत पोचली नाही. त्यांचं बी धरता येईल अजून. पुढच्या वर्षी तीही नसतील."

"तुला काढतील."

"काढू देत ना."

"काढू देत ना! मोठा आला. गुडघा घेऊन कुठे जाणारेस?"

"ते बघू."

मला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या, आणि त्याच वेळी त्याचा हात धरावासा वाटला. दोन्ही केलं नाही. लॅपटॉप ओढला आणि म्हटलं, "सांग. तुझ्या तोंडून सांग, मी लिहिते."

तो सांगत गेला. चढलो नाही. रस्त्याच्या कडेची घेतली. ती लावलेली आहेत हे बघितलं नाही. दोन्ही डोंगरांवर. पलीकडे ओढ्याच्या उतारावर थोडी जुनी झाडं अजून आहेत. मी एकही शब्द सावरला नाही, फक्त त्याखाली सरांनी सात झाडं काढायला लावली ते माझ्या नावाने घातलं. त्याने सही केली, मी केली.

सकाळी तो कागद मी सरांकडे न देता थेट वनाधिकारीबाईंच्या कचेरीत नेऊन दिला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली. पलीकडच्या डोंगराचं नाव आलं तिथे त्या थांबल्या आणि खुर्चीत बसल्या.

मी म्हटलं, "तिथलं रान ज्यांनी पाडायला लावलं, त्यांना जाब विचारायला हवा."

"विचारा," त्या म्हणाल्या. "त्या आदेशावर माझीच सही आहे."

मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. त्यांनी कागदाची घडी घातली, चष्मा काढला आणि दारातल्या शिपायाला गाडी काढायला सांगितली.

"तुमच्या नवऱ्याला बोलवा," त्या मला म्हणाल्या. "ओढ्याकडची ती झाडं त्यांनी मला दाखवायला हवीत."